ऑस्ट्रेलियात परतताना बॅगेतला खाऊ आणि भेटवस्तू: काय, कधी आणि कसं जाहीर करायचं

जानेवारी संपत आला, इथल्या शाळा उघडायची वेळ झाली, की भारतातली सुट्टी आटोपून आपली मंडळी मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनला परतायला लागतात आणि माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात. बहुतेक सिंगापूर किंवा क्वालालंपूरच्या विमानतळावरून. "मेतकूट लिहायचं का?" "दोनच लाडू उरलेत, तेही लिहायचे?" "भावाने घड्याळ दिलंय, ते सांगावं लागतं का?" तोवर बॅग भरून, वजन होऊन, विमानाच्या पोटात गेलेली असते. हे प्रश्न आठ दिवस आधी पडायला हवेत. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. विमानात भरून घेतात त्या प्रवासी कार्डावर 'हो'वर खूण केली म्हणजे आपण काही गुन्हा कबूल करत नाही. जाहीर केलेली वस्तू चालणारी नसेल तर ती काढून घेतात, दंड करत नाहीत. 'नाही'वर खूण केली आणि वस्तू सापडली, की दंड होतो. मग ती तुम्ही लपवली होती, विसरला होता की चालेल असं वाटलं होतं, याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट. विमानतळावर तुमच्या सामानाकडे दोन वेगळ्या नजरांनी बघतात आणि लोक नेमकी त्यांचीच गल्लत करतात. एक नजर जैवसुरक्षेची: या वस्तूतून किडा, रोग, बी, माती देशात येईल का? तिथे किमतीचा संबंधच नाही, पाच रुपयांची पुडीही मोजली जाते. दुसरी नजर कस्टम्सची: वस्तू कितीची आहे, त्यावर कर लागतो का? "नऊशे डॉलरच्या आत आहे ना, मग काही लिहायला नको," हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. नऊशे डॉलरची मर्यादा भेटवस्तूंसाठी आहे. चकलीला ती लागू नाही.

पायरी १: निघायच्या आठ दिवस आधी तीन ढीग करा

न्यायचा सगळा खाऊ एका टेबलावर मांडा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग, भारतातच ठेवून यायच्या वस्तूंचा. भारतात जनावरांना लाळ्या खुरकूत होतो, ऑस्ट्रेलिया १८७२पासून या रोगापासून मुक्त आहे. त्यामुळे दुधाच्या पदार्थांबाबत इथले अधिकारी अतिशय कडक असतात. पेढे, बर्फी, खवा, कलाकंद, बासुंदी, श्रीखंड, पनीर, गुलाबजाम हे आणूच नका. दुकानातून सीलबंद डबा घेतला म्हणून खवा बदलत नाही. कसलंही मटण-चिकन, अगदी मसाल्यात मुरवलेलं लोणचं असलं तरी, याच ढिगात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, ओली हळद, आलं, ऊस, शहाळं, पेरायचं कसलंही बी, हेही.

याच ढिगात एक गट असा आहे, ज्याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. धान्याच्या कोठारात होणारा खापरा भुंगा आपल्याकडचाच. त्याची अळी पिशवीच्या शिवणीत, खोक्याच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. तो देशात शिरला तर गव्हाची निर्यात धोक्यात येते, म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२०पासून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या काही वस्तू बंद केल्या आहेत: तांदूळ, गहू, हरभरे, तूर, मूग, चवळी, मसूर, राजमा, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या, करडई, भोपळा-काकडी-कलिंगडाच्या बिया. यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या फडताळातले अर्धे डबे तिच्यात आहेत. आंबेमोहोर तांदूळ, गावची तूरडाळ, ब्याडगी मिरच्या, शेतातले शेंगदाणे. मन तुटतं, पण राहू द्या. तांदूळ-डाळी इथल्या भारतीय दुकानांत मिळतात.

या बंदीतून सूट आहे ती कारखान्यात भाजून, तळून किंवा उकडून, पॅक करून आलेल्या मालाला. म्हणून दुकानातले सीलबंद खारे दाणे आणि घरी भाजलेले दाणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. आईने आदल्या रात्री खमंग भाजले असले तरी ते 'कारखान्यात प्रक्रिया केलेले' होत नाहीत.

दुसरा ढीग, जाहीर करून न्यायच्या वस्तूंचा. सीलबंद, छापील लेबल असलेली बाकरवडी, फरसाण, चिवडा, बिस्किटं, चहा, भाजलेली कॉफी, चॉकलेट, कारखान्यात बनलेलं लोणचं, दळलेले पॅकबंद मसाले. यातलं बरंचसं सुटतं. तरीही जाहीर करायचंच.

तिसरा ढीग, 'गेलं तर जाऊ दे' असं मनाशी ठरवून न्यायच्या वस्तूंचा. घरचा गोडा मसाला, मेतकूट, घरचं लोणचं, तुपातले बेसनलाडू, अनारसे, कोकम, सांडगे, कुरडया, सुके बोंबील, जवळा. यांचं काय होईल ते पेटी उघडून बघणारा अधिकारी ठरवतो. गोड्या मसाल्यात धणे-जिरे असतात, मेतकुटात डाळ-तांदूळ-गहू, लाडवात तूप. एका घराचे सुटले म्हणून दुसऱ्याचे सुटतील असं नाही. मी स्वतः गोडा मसाला दोनदा घरी आणलाय आणि एकदा तिथल्या टेबलावर ठेवून आलेय. तिन्ही वेळा जाहीर केला होता.

तपासा: ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याची 'बायकॉन' नावाची ऑनलाइन यादी आहे. वस्तूचं नाव घालून, देश भारत निवडून आजची अट वाचा. नियम बदलतात. तीन वर्षांपूर्वी नणंदेने काय आणलं होतं, त्यावर विसंबू नका.

पायरी २: लेबल लावा, यादी करा

घरगुती खाऊ न्यायचाच असेल तर तो पारदर्शक, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरा आणि वर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा: पदार्थ काय, आत काय काय आहे, तळलाय की भाजलाय. 'मेतकूट' हा शब्द टेबलापलीकडच्या माणसाला काहीच सांगत नाही. 'भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, हळद, हिंग यांचं पीठ' असं इंग्रजीत लिहिलं तर त्याला अर्ध्या मिनिटात निर्णय घेता येतो. आणि त्यात तांदूळ, गहू आहेत हे लिहायला कचरू नका. जाहीर करायचं म्हणजे तेच.

मग कागदावर यादी करा. कुठल्या पेटीत काय, एवढीच. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक प्रत द्या. वीस तासांच्या प्रवासानंतर, कडेवर झोपलेलं मूल असताना, निळ्या पेटीत काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

सावधान: "पेटी मी नाही भरली, सासूबाईंनी भरली," हे तिथे चालत नाही. कार्डावर सही तुमची असते.

पायरी ३: खाऊ एका पेटीत, आणि पेटी स्वच्छ

सगळा खाऊ शक्यतो एकाच पेटीत आणि वरच्या थरात ठेवा. साड्यांच्या घडीत डबे लपेटायची आपली जुनी सवय असते, फुटू नये म्हणून. पण क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर साडीच्या घडीतला डबा लपवल्यासारखाच दिसतो, आणि मग पूर्ण पेटी उपसली जाते.

गवत, पेंढा, भाताचं तूस, सुकी पानं वापरून काहीही पॅक करू नका. आंब्याची पेटी, भाजीचं खोकं, अंड्यांचा ट्रे पुन्हा वापरू नका. धान्याची रिकामी गोणी तर अजिबात नको. खापरा भुंगा अशाच जागी लपतो.

आता चपला-बूट. सुट्टीत गावी गेला होता, शेतात फिरलात, गोठ्यात डोकावलात, मुलं नदीत खेळली? मग तळव्याच्या खाचांतली माती जुन्या ब्रशने खरवडून काढा, बूट धुवा, पूर्ण वाळवा. क्रिकेटच्या स्पाइक्सचे बूट आणि ट्रेकचे बूट विशेष बघा. सह्याद्रीतली लाल माती शिवणीत इतकी घट्ट बसते की वरवर पुसून निघत नाही. हे काम निघायच्या दोन दिवस आधी करा, ओले बूट पेटीत भरू नका.

लाकडी वस्तूंचंही इथेच बघून घ्या: पोळपाट-लाटणं, देव्हारा, पाट, चौरंग, वेताची परडी, बांबूचं सूप, नारळाच्या काथ्याची वस्तू. उन्हात धरून नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा खाली पडलेली पिठासारखी पूड दिसली तर आत किडा आहे. झाडाची साल चिकटलेली असेल तर ती वस्तू नकोच. स्वच्छ, पॉलिश केलेली वस्तू न्या आणि जाहीर करा. कच्च्या शाडूची गणेशमूर्ती ही मातीच आहे, एवढं लक्षात असू द्या. पितळेची मूर्ती नेणं सोपं.

पायरी ४: भेटवस्तू आणि दागिन्यांचा हिशेब

इथे आकडे साधे आहेत. प्रत्येक मोठ्या माणसाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या सर्वसाधारण वस्तू करमुक्त, १८ वर्षांखालच्या मुलाला ४५०. त्यात भेटवस्तू, दागिने, घड्याळं, कॅमेरे, फोन, परफ्यूम आले. एकाच विमानाने एकत्र येणाऱ्या कुटुंबाला मर्यादा एकत्र धरता येते. आई-वडील आणि दोन लहान मुलं मिळून २,७०० डॉलर.

भेट मिळालेली वस्तूही यात धरायची. "मी विकत घेतलं नाही, मावशीने दिलं," याने ती सुटत नाही. तिची बाजारातली किंमत धरा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मर्यादा ओलांडण्याबाबतची. मर्यादा ओलांडली की कर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, त्या प्रकारच्या सगळ्या वस्तूंवर लागतो. म्हणजे ९५० डॉलर झाले तर पन्नासवर हिशेब होत नाही. घरून निघण्यापूर्वी एकदा बेरीज करा.

सुटतं काय? तुमच्या वापराचे कपडे आणि पादत्राणं, नवे असले तरी. पैठणी, नारायणपेठ, शेरवानी, कोल्हापुरी यांसाठी जीव टांगणीला लावू नका. फक्त विकायला आणल्यासारखा ढीग नको. ऑस्ट्रेलियातून जाताना अंगावर नेलेले दागिने परत आणताना त्यावर कर नसतो, मात्र इथे खरेदी करून विमानतळावर जीएसटी परत घेतलेली वस्तू पुन्हा आणत असाल तर ती मर्यादेत मोजावी लागते. परदेशात बारा महिन्यांहून जास्त काळ तुमच्या मालकीची आणि वापरातली वस्तूही सुटते.

लग्नाला जाताना दागिने नेत असाल तर निघण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा, पावत्या फोनमध्ये ठेवा. परतताना जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे सांगणं सोपं जातं. नव्या दागिन्याची सराफाची पावती हातातल्या पर्समध्येच ठेवा. पावती नसेल तर किंमत अधिकारी ठरवतात.

बाकीचं थोडक्यात. १८ वर्षांवरील माणशी दारू २.२५ लिटर. सिगारेट २५ नगांची मर्यादा आणि वर एक उघडलेलं पाकीट. मशेरी, तंबाखू हीसुद्धा तंबाखूच, २५ ग्रॅमच्या वर नको. रोख १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त असेल, रुपये धरून, तर जाहीर करायचं. आणायला बंदी नाही, न सांगायला आहे.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. आयुर्वेदिक चूर्ण-काढे हे 'पारंपरिक औषधं आणि वनस्पती' या प्रश्नात येतात. सुट्या पुडीतलं, नाव नसलेलं चूर्ण आणू नका. 'कुष्ठ' या औषधी मुळीसारख्या काही वनस्पतींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंधही आहेत.

पायरी ५: घरातून निघण्याचा शेवटचा तास

मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते इथे आहे. आठ दिवस नीट तयारी केलेली माणसं या एका तासात चुकतात. यादी झालेली असते, पेट्यांना कुलपं लागलेली असतात. आणि मग निरोप सुरू होतो.

माहेरून निघताना ओटी भरतात. ओंजळभर तांदूळ किंवा गहू, नारळ, सुपारी, हळकुंड, खण, वर फूल. ती तशीच पदरातून पर्समध्ये जाते. सासरचं कुणी गणपतीच्या प्रसादाची पुडी देतं. आजी नातवाच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू घालते. मामी केसांत गजरा माळते. वाटेत पाहिजे म्हणून दोन केळी आणि संत्रं. यातली एकही गोष्ट यादीत नसते, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट जाहीर करायची किंवा न नेण्याची असते.

आमच्या घरी हे जेजुरीच्या पुडीने घडलं. आईने खंडोबाचा प्रसाद माझ्या पैठणीच्या घडीत ठेवला, मला न सांगता, सुखरूप पोचावी म्हणून. मी खाऊमुळे बियाणं-धान्याच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं, त्यामुळे पेटी उघडली गेली. हातमोजे घातलेल्या त्या बाईंनी साडी उलगडली, कागदाची पुडी सोडली. आत पिवळाधमक भंडारा, खोबऱ्याचे चार तुकडे आणि त्यात मिसळलेल्या अक्षता. त्यांनी पुडी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली आणि चिमट्याने तांदळाचा एकेक दाणा वेगळा केला. सतरा दाणे होते, मी मोजत उभी होते. खोबरं आणि दाणे गेले, हळद परत मिळाली. दंड झाला नाही, कारण धान्याला 'हो' म्हटलेलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्याच सतरा दाण्यांची वेगळी गोष्ट झाली असती.

गजऱ्याचं उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मल्याळम अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला आल्या तेव्हा त्यांच्याकडे जाईचा गजरा सापडला. वडिलांनी तो दोन तुकडे करून दिला होता, एक सिंगापूरपर्यंत माळायला आणि एक पुढच्या प्रवासासाठी. पंधरा सेंटीमीटरचा गजरा, जाहीर न केलेला. दंड १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे लाखाहून जास्त रुपये. त्यांनी स्वतःच हे कार्यक्रमात सांगितलं.

म्हणून हे करा. ओटी घ्या, मनापासून घ्या. खण ठेवा, बाकीचं घरातल्या देवापुढे ठेवून नमस्कार करून निघा. आईला आधीच कारण सांगून ठेवा, ऐनवेळी नकार दिला तर तिला वाईट वाटतं. गजरा विमानतळाच्या दाराशी सोबत आलेल्या बहिणीच्या केसांत माळा. फुलं, तुळस, दुर्वा, बेल, विड्याची पानं, आंब्याचे टहाळे, गोमूत्र, शेणी यांतलं काहीही पूजेच्या पिशवीत नको. नदीचं पाणी आणि तीर्थक्षेत्राची माती आणू नका.

तपासा: चेक-इनच्या रांगेत उभं राहायच्या आधी पर्स, लॅपटॉपची बॅग, जॅकेटचे खिसे आणि मुलांची दप्तरं पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. दप्तराच्या तळाशी सफरचंद सापडतंच.

पायरी ६: विमानात कार्ड भरताना

कार्ड प्रत्येक प्रवाशाचं वेगळं. लहान मुलाचं आई-वडिलांनी भरायचं. इंग्रजीतच, निळ्या किंवा काळ्या पेनाने. पेन स्वतःचं ठेवा. जेवण झाल्यावर भरा, उतरायच्या गडबडीत नको.

आपल्या लोकांना अडचण येते ते प्रश्न असे.

औषधांचा उल्लेख असलेला प्रश्न: तुमच्या रोजच्या गोळ्या असल्या तरी 'हो'.

९०० डॉलरचा प्रश्न: पायरी ४मधली बेरीज इथे वापरा.

मांस, मासे, अंडी, दूध, फळं, भाज्या: लाडवात तूप असेल, सोबत जवळा असेल, तर 'हो'.

धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पती, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू: भारतातून परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचं इथे 'हो' येतं. मसाला, काजू, लाटणं, रुद्राक्षाची माळ, शिकेकाई, सगळं इथेच.

प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू: पीस, शिंपले, शंख, मध, जनावराच्या कातड्याचा ढोलकी-तबला. 'हो'.

माती: बूट धुतलेले असले तरी शेतात वापरले असतील तर मी 'हो' करते आणि तोंडी सांगते की धुतलेत.

मागच्या ३० दिवसांत शेत, जनावरं, जंगल, नदी-तळं यांच्याशी संबंध: या प्रश्नाला सगळे डोळे झाकून 'नाही' म्हणतात. गावी जाऊन आलात, काकांच्या गोठ्यात मुलांनी वासराला गवत दिलं, नरसोबाच्या वाडीला नदीत पाय बुडवले? मग 'हो'.

शंका असेल तिथे 'हो'. कार्डावरही तसंच लिहिलेलं असतं.

सावधान: विमानात मिळालेलं सँडविच, फळ, दही, चीजचा तुकडा पर्समध्ये घालू नका. "विमान कंपनीनेच दिलं" हे कारण चालत नाही. ते विमानातच सोडा.

पायरी ७: उतरल्यावर

पासपोर्टच्या गेटकडे जाताना वाटेत मोठ्या कचरापेट्या दिसतात. काही राहून गेलंय असं वाटलं तर तिथे टाका. तिथे टाकलेल्या वस्तूबद्दल कुणी काही विचारत नाही. कार्ड देण्यापूर्वीची ही शेवटची सोपी संधी.

सामान घेतल्यावर सगळं कुटुंब एकत्र ठेवा. कार्ड घेणारा अधिकारी विचारतो, काय आणलंय? इथे बहुतेक जण गडबडतात आणि "सम स्नॅक्स" एवढंच म्हणतात. यादी काढा आणि वाचून दाखवा: तळलेले सीलबंद पदार्थ, दळलेले मसाले, घरचं लोणचं, लाकडी लाटणं, धुतलेले ट्रेकचे बूट. आणि पेटीत आणखी काही असू शकेल असं वाटत असेल तर तेही सांगा: "पेटी भरताना आई सोबत होती, काही वस्तू मला माहीत नसतील, कृपया बघा."

मग कुणाला सरळ बाहेर सोडतात, कुणाला श्वानाच्या रांगेत उभं करतात, कुणाचं सामान क्ष-किरणातून जातं, कुणाची पेटी उघडतात. कुत्रा तुमच्या बॅगेशी बसला तर घाबरू नका, बॅग ओढूही नका. मुलांना सांगून ठेवा, त्याला हात लावायचा नाही.

पायरी ८: तपासणीच्या टेबलावर

पेटी त्यांनी सांगितल्यावर उघडा. वस्तू स्वतः उपसून दाखवायला लागू नका. विचारलेल्याचं उत्तर द्या, आजीची आठवण सांगू नका.

एखादी वस्तू अडली तर साधारण तीन वाटा असतात: तुमच्या खर्चाने प्रक्रिया, तुमच्या खर्चाने परत पाठवणं, किंवा नष्ट करणं. खाद्यपदार्थासाठी नष्ट करणंच शहाणपणाचं. लाकडी देव्हाऱ्यासारखी मोलाची वस्तू असेल तर प्रक्रियेचा खर्च विचारा आणि मग ठरवा.

घासाघीस करू नका. "थोडं तरी ठेवा" म्हटल्याने नियम बदलत नाही, आणि मागे दोनशे माणसं उभी असतात.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: पेटी उघडत असताना एखादी न सांगितलेली वस्तू आठवते आणि माणूस गप्प बसतो, सापडणार नाही या आशेवर. ताबडतोब सांगा. कार्ड दिल्यावर सांगितलं तर दंड टळेलच असं नाही, पण त्यांना सापडण्याआधी तुमच्या तोंडून येणं केव्हाही बरं.

पायरी ९: दंड झालाच तर

दंडाची नोटीस हातात दिली जाते आणि भरायला २८ दिवस मिळतात. नोटीस नीट वाचा, कोणत्या वस्तूबद्दल आहे ते बघा, हरकत कशी घ्यायची हेही तिच्यावरच असतं. विसरू नका, पुढच्या प्रत्येक प्रवासात याची नोंद तुमच्या नावावर असते.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येत असतील, किंवा भाचा स्टुडंट व्हिसावर, तर जास्त जपा. गंभीर प्रकरणात व्हिसा रद्द करून विमानतळावरूनच परत पाठवता येतं. ऑक्टोबर २०१९मध्ये सिडनीला एका पर्यटक महिलेच्या सामानात दहा किलो न जाहीर केलेलं अन्न सापडलं, त्यात कच्चं डुकराचं मांसही होतं. तिला तसंच परत पाठवलं.

एकटे येणाऱ्या आई-बाबांसाठी मी असं करते. कार्डाच्या प्रश्नांचं मराठी भाषांतर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, समोर उत्तरं. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी: "मी खाद्यपदार्थ आणले आहेत. यादी खाली आहे. मला इंग्रजी कमी येतं. कृपया माझं सामान तपासा." ती चिठ्ठी पासपोर्टमध्ये ठेवायची आणि कार्डाबरोबर हातात द्यायची. माझ्या सासऱ्यांनी ती दिली तेव्हा अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि यादीवर एकेक वस्तू टिक करत दहा मिनिटांत मोकळं केलं.

घरी पोचल्यावर

पेट्या गॅरेजमध्ये किंवा बाथरूममध्ये, फरशीवर उघडा. गालिच्यावर किंवा बागेत झटकू नका. शिवणीत, खोक्याच्या घडीत बारीक तपकिरी भुंगे, केसाळ अळ्या किंवा त्यांच्या कातींचा चुरा दिसला तर ती वस्तू लगेच दोन पिशव्यांत घट्ट बांधा, शक्य असेल तर फ्रीझरमध्ये ठेवा, फोटो काढा आणि १८०० ०८४ ८८१ या परकीय किडींच्या हेल्पलाइनवर फोन करा.